वकीलसाहेबांचं उरलेलं वर्ष

दोन हजार तेवीस साल. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो आणि आईच्या सांगण्याप्रमाणे एकाहत्तर. मी आईचं धरतो. मास्तरांनी मला पाहिलं ते शाळेत घातल्यावर, आईने त्याच्या बरंच आधी.

शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून पोरवयात महाडला उतरलो, एका मंडपवाल्याकडे बांबू उचलायला राहिलो आणि पुढे स्वतःचा मंडपाचा धंदा काढला. आज महाडात लग्न असो, सभा असो, नाहीतर कुणाचं तेरावं असो, लोक बसतात ते माझ्या खुर्च्यांवर. फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतोच, त्यात लाजायचं काय?

महाडात आमचा एक क्लब आहे. रक्तदान शिबिर घ्या, पुरानंतर घराघरांत चटया-भांडी द्या, शाळेला पाण्याची टाकी बसवून द्या, असली कामं करणारा. त्यात डॉक्टर, प्राध्यापक, एमआयडीसीतले साहेब, दोनचार व्यापारी आणि मी. दर गुरुवारी संध्याकाळी सातला मीटिंग. अध्यक्ष घंटा वाजवतो, प्रार्थना होते, मागल्या मीटिंगचा वृत्तांत होतो, मग पाहुणा वक्ता बोलतो. कधी सर्पमित्र, कधी मधुमेहाचा डॉक्टर, कधी गिधाडं वाचवणारा. मग शाल, नारळ, आभार, राष्ट्रगीत आणि गरम भजी. अध्यक्ष एका वर्षाचा. जुलै लागला की पदग्रहण. जुन्याने आपल्या गळ्यातली कॉलर काढून नव्याच्या गळ्यात घालायची. कॉलर म्हणजे शर्टाची नव्हे. निळ्या पट्ट्याचा जाड हार असतो, त्याला पितळेच्या पट्ट्या लावलेल्या आणि प्रत्येक पट्टीवर एकेका माजी अध्यक्षाचं नाव.

मला क्लबात घेतलं ते खुर्च्यांसाठी, असं वकीलसाहेब मला तोंडावर म्हणायचे.

वकीलसाहेब म्हणजे महाडच्या कोर्टातले जुने वकील. उंच, सुकट अंगाचे, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि वक्ता लांबला की बोटाने ते गोल गोल फिरवत बसायचे. आमचं दोघांचं कधी पटलं नाही आणि एकमेकांशिवाय करमलंही नाही. अध्यक्षपदासाठी माझं नाव निघालं की आडवं कोण येणार, तर हेच.

"पत्रव्यवहार इंग्रजीत असतो हो," म्हणायचे. "हे काय उत्तर देणार? खुर्च्या मिळतील, टेबलाचं भाडं वेगळं?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. मग घरी जाऊन बायकोवर उखडायचो.

अशी कैक वर्षं गेली. त्या वर्षी वकीलसाहेब स्वतः अध्यक्ष होते आणि पुढचा अध्यक्ष ठरवायच्या मीटिंगला त्यांनीच उठून माझं नाव घेतलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बघता काय? माझ्या हाताने कॉलर घालणार यांच्या गळ्यात," ते म्हणाले. "आणि त्या दिवशी इंग्रजीत भाषण करायला लावणार. तिकीट लावू या."

"लावा," मी म्हटलं. "पहिलं तिकीट तुम्हाला फुकट."

मे महिन्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. त्यांच्या दारात मंडप मीच घातला. बिल केलं नाही, हे सांगायचं कारण नाही, पण वहिनींनी तिथेच विचारलं होतं म्हणून आठवतं.

पुढच्या गुरुवारी हॉलवर गेलो. आमचा हॉल बाजारपेठेच्या मागच्या बाजूला. भिंतीवर मोठ्या पुराची रेघ अजून आहे, माणसाच्या डोक्याच्या वर. रंग दिला तरी पावसाळ्यात ती रेघ पुन्हा दिसते. समोर टेबल, टेबलावर घंटा, आणि टेबलामागे अध्यक्षाची खुर्ची. सागवानी, उंच पाठीची, हाताची. ती मीच माझ्या सुताराकडून करून क्लबाला दिली होती. माझ्या गोडाऊनातल्या सगळ्या खुर्च्यांवर मी कधी ना कधी बुड टेकलं असेल, पण त्या एका खुर्चीवर नाही. सुताराच्या दुकानातून आणली त्या दिवशीसुद्धा नाही. बसेन तर अध्यक्ष म्हणून, हे डोक्यात होतं.

आमचा सचिव एमआयडीसीतल्या एका कंपनीत केमिस्ट आहे. चाळिशीचा गडी, मुंबईत वाढलेला, कामाला वाघ. तो म्हणाला, "काका, चला, बसा. रूल असा आहे, प्रेसिडेंट नसेल तर व्हाइस प्रेसिडेंट, आणि ते तुम्ही. जुलैपर्यंत तुम्ही ॲक्टिंग."

मी म्हटलं, "हे वरीस कुणाचं हाय?"

"म्हणजे?"

"साधं विचारतोय. चालू वरीस कुणाचं?"

"सरांचं. पण सर..."

"मग खुर्ची पन त्यांचीच. वरीस पुरं झाल्याशिवाय मी नाय बसायचा."

त्याला वाटलं मी दुःखाने बोलतोय. तसं नव्हतं. आमच्या वाडीत रीतच आहे. दर शिमग्याला गावकीचा वर्षाचा मान एका घराकडे जातो. त्या घरच्या कर्त्याला वर्षाचा धनी म्हणतात. तो वर्षाच्या मध्येच गेला तर मान दुसऱ्याकडे जात नाही. देवळात बैठक भरली की त्याची घोंगडी अंथरायची, वर पानाचा विडा ठेवायचा, पहिली गोष्ट त्याला विचारायची, थोडं थांबायचं आणि मग पुढचं काम. शिमगा आला की नवा धनी त्याच घोंगडीवर बसतो. माझा थोरला चुलता असा वर्षाच्या मध्ये गेला होता. मी तेव्हा देवळाच्या पायरीवर बसून ते सगळं बघितलेलं. रिकाम्या घोंगडीपुढे सगळी जाणती माणसं गप्प बसलेली, आणि कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

मी ही रीत क्लबाला सांगितली. प्राध्यापक म्हणाले, छान कल्पना आहे, श्रद्धांजलीही होईल. मी म्हटलं, श्रद्धांजली नाय, मान. कॉलर खुर्चीच्या पाठीला अडकवली, टेबलावर घंटेशेजारी विडा ठेवला, आणि मी बाजूला उभा राहून घंटा वाजवली.

पहिल्या गुरुवारी लोक जरा बावरले. दुसऱ्या गुरुवारी सवय झाली. तिसऱ्या गुरुवारपासून माझ्या लक्षात येऊ लागलं, की सगळे वेळेवर येताहेत. वकीलसाहेब जिवंत होते तेव्हा साडेसातपर्यंत निम्मी सभा बाहेर पानाच्या टपरीवर असायची. आता सातला पाच कमी असताना हॉल भरलेला. कुणाचा फोन वाजत नव्हता. कुणी मध्ये उठून जात नव्हतं. आणि हे सगळं चांगलंच होतं, त्यामुळे कुणी बोललं नाही.

गिधाडांवर बोलायला एक निवृत्त वनाधिकारी आले होते. बाहेरगावचे, आमच्याकडे पहिल्यांदाच. वकीलसाहेबांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही आणि खुर्चीचं काय ते त्यांना सांगायचं राहून गेलं. गडी रंगात आला होता. अंडं किती दिवसांनी फुटतं इथवर आला आणि एकदम थांबला. "असो, एवढंच," म्हणाला आणि खाली बसला.

भजी खाताना सचिवाने विचारलं, "सर, अजून वेळ होता की. का थांबलात?"

ते म्हणाले, "अहो, मला वाटलं लांबतंय. अध्यक्ष अस्वस्थ होताहेत असं..." आणि मागे वळून टेबलाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तेही हसले, आम्हीही हसलो. सचिवाचं हसणं लवकर संपलं.

"काका," मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिंतीवरचं घड्याळ खुर्चीच्या बरोबर वर आहे. त्यांनी ते पाहिलं असणार. हो ना?"

"असंल," मी म्हटलं.

पुढच्या मीटिंगला तुडीलच्या बाजूला नदीकाठी बांबू लावायचा विषय होता. सचिवाने सगळं मांडलं आणि सवयीने, थट्टेतच, खुर्चीकडे वळून म्हणाला, "तर मग सर, करायचं का?"

मी रीतीप्रमाणे थोडं थांबलो. सगळेच थांबले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि कसं ते सांगता येणार नाही, पण सगळ्यांना कळलं, साहेब नको म्हणतायत. कुणी हात वर केला नाही, कुणी विरोधाला बोललं नाही. सचिवाने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढचा विषय घेतला. बाहेर पडताना डॉक्टर मला म्हणाले, "बांबू चांगला होता की हो. आपण नाही का म्हटलं?" मी म्हटलं, "मी तर काय बोललोच नाय." ते म्हणाले, "मीसुद्धा नाही."

माझा धंदा खुर्च्या मांडण्याचा. किती रांगा, मध्ये वाट किती सोडायची, हे मला बघावं लागत नाही, पावलांना कळतं. हॉलमध्ये मी वाट सोडतो ती भिंतीच्या कडेने, मध्ये नाही. पण मीटिंग संपली की बघतो तो टेबलापासून दारापर्यंत सरळ एक वाट मोकळी झालेली. खुर्च्या दोन्ही बाजूंना वीतभर सरकलेल्या. कुणी मुद्दाम सरकवत नव्हतं. राष्ट्रगीत झाल्यावर लोक आपसूक दोन्ही अंगांना होऊन उभे राहायचे आणि भज्यांकडे वळायला थोडा वेळ लावायचे. साहेब आधी बाहेर पडू द्यायचे असतात, तसे.

जूनमध्ये बाजारात वहिनी भेटल्या. वकीलसाहेबांच्या पत्नी. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या, ताठ बाई. गवार निवडत होत्या.

"भाऊ, खुर्ची ठेवलीत म्हणे त्यांची."

"हो वहिनी. वर्ष त्यांचं आहे."

"मला वाटलंच होतं काहीतरी असणार," त्या म्हणाल्या. भाजीवालीला पिशवी दिली आणि मला जरा कडेला घेतलं. "मी खुळी नाही, भाऊ. ते घरात दिसतात, बोलतात, असलं काही मी म्हणत नाही. पण घर भरलेलं असतं. शेजारच्या खोलीत कुणी वाचत बसलेलं असलं की आपण उठून बघायला जात नाही ना, तसं. दिवसभर तसं असतं. फक्त गुरुवारी साडेसहा वाजले की जातं. पंखा बंद केल्यावर कसं होतं, तसं एकदम. मग नऊच्या पुढे पुन्हा येतं."

मी हातातली रिकामी पिशवी उगाच घडी घालत राहिलो.

"पहिल्या दोन गुरुवारी मला कळेना. मग कुणीतरी खुर्चीचं सांगितलं, तेव्हा कळलं कुठे जातात ते." आणि त्या चक्क हसल्या. "तिथे तरी वेळेवर येतात का?"

"येतात," माझ्या तोंडून गेलं.

घरी आलो. बायकोने विचारलं भाजी कुठाय, तर भाजी आणलीच नव्हती.

लावणीच्या दिवसांत वाडीवर गेलो. पदग्रहणाला गावचे चार लोक यावेत म्हणून आमंत्रण द्यायला. माझी चुलती अजून आहे. तोच माझा चुलता, ज्याची घोंगडी मी देवळात बघितली होती, त्याची बायको. वय किती ते तिला ठाऊक नाही. चुलीपुढे बसली होती.

"काय रं, मोटा मानूस झालास म्हनं?"

"व्हनार हाय. क्लबाचा अध्यक्ष."

"म्हंजे काय करतास?"

"खुर्चीवर बसतो."

"आन् काय नवं? खुर्च्या तुज्याच हायत."

मी हसलो आणि मोठ्या अभिमानाने तिला सांगितलं, की आपली रीत मी शहरात पाळून दाखवली. वकीलसाहेबांचं वर्ष तोडलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग चुलीत सरकवायचं लाकूड हातातच धरून म्हणाली, "मंग उटवतंय कोन?"

"उटवायचं काय?"

"अरं, तुज्या काकाला मी उटवला, तवा घोंगडी मोकळी झाली. शिमग्याच्या सकाळी भात रांदला, त्याचं पान वाडलं, समोर बसले. वाट बगितली. मंग म्हनलं, धनी, वरीस भरलं, उटा आता, पोटभर जेवलात. आन् पान उचललं. मंग दुसऱ्याला बसवला तुमी."

"हे मला कुनी नाय सांगितलं."

"तुमी पुरुष मान्सं देवळात. घरात काय झालं ते तुमाला कशाला कोन सांगंल? बसवायचं काम तुमचं, उटवायचं आमचं."

मी म्हटलं, "आनि नाय उटवला तर?"

"तर तू त्याच्या अंगावर बसशील. त्यो भला मानूस, जाईल उटून लाजंनं. पन जाईल कुटं? घरला ये म्हनून कुनी सांगितलं नाय, जा म्हनूनबी कुनी सांगितलं नाय." तिने लाकूड चुलीत सरकवलं. "हिंडंल मंग."

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या घरी गेलो. जसं ऐकलं तसं सांगितलं. मी थांबलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी ताट वाढायचं, त्यांच्यासमोर बसायचं, आणि त्यांना उठा म्हणायचं."

"हो."

"आणि मग गुरुवारचं सोडा, बाकीच्या दिवशीसुद्धा घर..."

"ते मला नाही सांगता येणार, वहिनी."

"मला येतं सांगता," त्या म्हणाल्या. "मी नाही उठवणार. मला विचारून बोलावलं होतंत का त्यांना?"

"ते त्यांच्या मानासाठी केलं."

"कुणाच्या?"

त्यांनी चहा आणून ठेवला. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही व्हा ना अध्यक्ष. कॉलर घाला, घंटा वाजवा. फक्त त्या खुर्चीवर बसू नका. एक वर्ष उभ्याने चालवा. नाहीतर तुमच्याकडे हजार खुर्च्या आहेत, दुसरी घ्या एखादी. ते तिथे बसू देत, नऊला घरी येऊ देत. एवढंच मागते."

मागणं मोठं नव्हतं. कुणीही हो म्हटलं असतं. पण मला ती हजारातली दुसरी खुर्ची नको होती. हॉलमध्ये जे वर्षानुवर्षं मला इंग्रजीवरून हसत आले, त्यांच्यासमोर मला त्या टेबलामागे, त्या सागवानी खुर्चीत, पाठ टेकून बसायचं होतं. मी म्हटलं, "वहिनी, क्लबाचा नियम आहे. अध्यक्षाने अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं." असा नियम कुठे लिहिलेला नाही, हे त्यांना माहीत होतं. वकिलाची बायको ती.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी पदग्रहण झालं. पाऊस तीन दिवस लागून होता. सावित्रीचं पाणी बघायला लोक नदीकडे जात-येत होते. तशातही हॉल गच्च भरला. आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख, प्रांतपाल, घाट उतरून धुक्यातून आले. वाडीचे चार लोक मागच्या रांगेत कोरडे कपडे घालून बसले होते. वहिनी पहिल्या रांगेत, कडेला.

वकीलसाहेबांच्या जागी कॉलर वहिनींनी द्यायची असं सचिवाने ठरवलं होतं. त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीवरून कॉलर काढली. हात खुर्चीला लागणार नाही अशी जपून काढली. प्रांतपालांच्या हातात दिली, त्यांनी माझ्या गळ्यात घातली. पितळ थंडगार होतं. मग माइकवर म्हणाले, "नूतन अध्यक्षांनी स्थानापन्न व्हावं."

मी खुर्चीकडे बघितलं, मग वहिनींकडे. त्या बारीक मान हलवत होत्या. नाही, नाही, अशी. लहान पोराला लांबून खुणावतात तशी.

मी बसलो.

खुर्चीला काही झालं नाही आणि मलाही झालं नाही. लाकूड लाकडासारखं होतं. पण टाळी वाजायला उशीर झाला. त्या मधल्या वेळात मी समोर बघत होतो आणि मला दिसलं. पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या डॉक्टरांनी गुडघे बाजूला घेतले. सिनेमात रांगेतून कुणी जायला लागलं की घेतो, तसे. त्यांच्या मागच्याने घेतले. त्याच्या मागच्या बाईने पदर आवरला आणि पाय आत ओढले. मग त्याच्या मागे. टेबलाशी उभा असलेला सचिव तर सगळ्यांच्या आधी पाऊलभर मागे सरला होता. एकालाही आपण काय केलं ते कळलं नव्हतं. दारापाशी माझ्या वाडीचा एक म्हातारा बसला होता, त्याने उठून वाट दिली आणि पुन्हा बसला.

मग टाळ्या पडल्या, मोठ्या पडल्या.

वहिनींची नजर मात्र रांगा मागे टाकत दारापर्यंत गेली होती आणि तिथेच राहिली होती. त्या उठल्या, छत्री घेतली आणि माझं भाषण सुरू व्हायच्या आत निघून गेल्या.

भाषण मी मराठीत केलं, चांगलं झालं. बांबूचा विषय पुन्हा मांडला, सगळ्यांनी हात वर केले. भजी संपेपर्यंत लोक मोठमोठ्याने बोलत होते, मध्येच उठत होते, फोनवर ओरडत होते. खुर्च्या बघितल्या. मी मांडल्या तशाच होत्या, मध्ये वाट नव्हती.

सचिव हात पुसत आला. "काका, आज कसं मोकळं वाटतंय ना हॉलमध्ये?"

"हॉल मोकळाच हाय," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे न बघता माइकच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. पण लागली, गाढ लागली.

उजाडता उजाडता फोन वाजला. वहिनी होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ते आले नाहीत."

आवाज साधा होता. नवरा गावाला जाऊन वेळेत परतला नाही की बाई शेजाऱ्याला सांगते, तसा.

"दार मी लावलंच नाही. पावसाचं पाणी आत आलं तरी लावलं नाही. घर तसंच आहे. मीटिंगला जातात तेव्हा असतं तसं. ते रस्ता चुकणारे नाहीत, भाऊ. येऊ का नको असं वाटत असेल त्यांना."

मी काही समजवायला गेलो नाही. समजवण्यासारखं काही नव्हतंच. "बघतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

घरातली मोठी छत्री घेतली, लाकडी दांड्याची, आणि हॉलवर गेलो. पाऊस सरळ धारांनी पडत होता. हॉलला कुलूप होतं. बाहेरच्या पायऱ्यांवर पुढच्या पत्र्याची थोडी वळचण, तेवढी एक जागा कोरडी. सभेतून उठून बाहेर आलेला माणूस, घरी जायला कचरणारा, उभा राहील तर तिथेच. मी चार पायऱ्या खाली थांबलो.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "चला. वहिनी वाट बघतायत."

चुकलो असं मी म्हटलं नाही. आमच्या दोघांत तशी भाषा नव्हती. पण ज्याने उठवलं त्यानेच घरी सोडायचं, एवढं मला कुणी शिकवायला नको होतं.

थोडं थांबलो, रीतीप्रमाणे. मग छत्री उजवीकडे धरली आणि चालायला लागलो, त्यांच्या चालीने. त्यांची चाल लांब टांगांची, पण उतारावर जपून. मी गटाराच्या बाजूने राहिलो, त्यांना चांगला रस्ता दिला. डावा खांदा, डावा हात, धोतराचा डावा सोगा, सगळं भिजून अंगाला चिकटलं. एमआयडीसीची बस उभी होती. तिच्यात चढणारा एक ओळखीचा पोरगा ओरडला, "ओ काका, छत्री हाय ना, मंग भिजताय कशाला?"

"जागा नाय," मी म्हटलं.

तो हसला आणि चढला. बस निघाली तशी मी थांबलो, चिखल उडेल म्हणून छत्री रस्त्याच्या बाजूला आडवी केली, आणि बस गेल्यावर पुन्हा होती तिथे धरली.

वहिनींचं दार उघडंच होतं, एक फळी लोटलेली. मला बघून त्यांनी दुसरीही उघडली. माझ्याशी बोलल्या नाहीत. बाजूला झाल्या, एक माणूस आत जायला लागतो तेवढा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि माझ्या उजव्या हाताकडे बघून म्हणाल्या, "पाय पुसा आधी."

मी पायरीवरच होतो, पाऊल आत टाकलं नव्हतं. वहिनींनी दाराच्या दोन्ही फळ्या लावून घेतल्या आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी छत्री मिटली, तिथेच भिंतीला टेकवून ठेवली, आणि भिजत गोडाऊनवर गेलो.